चिकटवण्याआधी स्कॅन करा: कागदी कोलाजपासून डिजिटल अमूर्त प्रिंटपर्यंत

ताई, तुम्ही अमळनेरला शाळेत चित्रकला शिकवता. घरी हातकागद, रद्दी, पतंगाचे कागद फाडून कोलाज करता आणि त्यावर बोरूने, काडीने, शाईने खुणा उमटवता. त्याचा स्कॅन घेऊन प्रिंट काढली की ती निर्जीव दिसते आणि संगणकातले ब्रश वापरले की काम प्लॅस्टिकचं वाटतं, ही तुमची तक्रार. स्कॅनर कोणता, सॉफ्टवेअर कोणतं, छपाईचा कागद कोणता, हेही तुम्ही विचारलंय. सगळ्यांची उत्तरं देतो, पण क्रम माझा ठेवतो, कारण मला वाटतं तुमची अडचण यंत्रात नाही. तुम्ही पूर्ण झालेलं, चिकटवून वाळलेलं कोलाज स्कॅन करताय. अडचण तिथून सुरू होते.

कोलाज समोर असतं तेव्हा आपण काय बघतो? कागदाची जाडी, एका तुकड्याची दुसऱ्यावर पडणारी बारीक सावली, खरखरीत हातकागदाशेजारी पतंगाच्या कागदाची चकाकी. आपण मान थोडी हलवली तरी हे सगळं बदलतं. स्कॅनर काचेवर कागद दाबतो, एकाच दिशेने उजेड फिरवतो आणि हे सगळं एका पातळीत आणतो. हा अनुभव तुमच्या एकटीचा नाही. फ्रेंच चित्रकार आंरी मातिसने गॉशने (अपारदर्शक जलरंगाने) रंगवलेले कागद कातरून केलेल्या रचना १९४७ साली पॅरिसमध्ये स्टेन्सिलने छापल्या गेल्या, आणि तेही त्याने वापरलेल्याच रंगांत. तरीही छापलेली पानं पाहून तो नाराज झाला. कातरलेल्या कागदाची संवेदनशीलता छपाईत निघून गेली, असं त्याने मित्राला कळवलं. रंग, आकार, जागा सगळं जुळूनही जर हे होत असेल, तर कोलाजची हुबेहूब नक्कल करण्याचा मार्गच सोडलेला बरा.

माझं म्हणणं असं आहे: प्रिंट हे स्वतंत्र काम धरा. कागद आणि खुणा हा त्याचा कच्चा माल. तो माल हाताने, जीव ओतून तयार करायचा, सुटा सुटा स्कॅन करायचा आणि रचना प्रिंटच्या मापात नव्याने बांधायची. डिंक, खळ, फेविकॉल यांची पाळी सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही. टेबलावर तुकडे नुसते मांडून बघा, फोनने फोटो काढा, हलवा, परत काढा. हे फोटो कच्च्या टिपणासारखे वापरा. पण तुकडे सुटेच राहू द्या. एकदा चिकटलेला तुकडा त्या एकाच मापाचा, एकाच रंगाचा आणि एकाच जागेचा होऊन बसतो.

सुटं ठेवण्याचा आणखी एक मोठा फायदा आपल्या भागात विशेष जाणवतो. आपल्याकडचे सगळ्यात सुंदर कागद आणि रंग टिकाऊ नसतात. सराफ दागिना ज्या गुलाबी कागदात गुंडाळून देतो तो घ्या. पाण्याचा थेंब पडला की रंग सोडतो, उन्हात आठवड्यांत फिका पडतो. पतंगाचा कागद तसाच. हळदीचा पिवळा उजेडात उडतो. मूळ कोलाज विकायचं असेल तर हे पदार्थ वापरायला मन धजत नाही. पण ताजे असताना स्कॅन केले की त्यांचं आयुष्य फायलीत पक्कं होतं, मग मूळ तुकडा विटला तरी चालतं. म्हणून घरात, बाजारात, शेतात जे हाती लागेल ते निर्धास्त वापरा. फक्त सराफी गुलाबीसारख्या झगझगीत रंगाबाबत अपेक्षा थोडी कमी ठेवा. तो स्कॅनरला नीट दिसत नाही आणि छपाईच्या शाईत तर तो बसतच नाही. स्क्रीनवर मूळ कागद शेजारी धरून जवळात जवळची छटा शोधावी लागते. प्रिंटमध्ये तो चमकावा असं वाटत असेल तर त्याच्या शेजारी राखी किंवा मातकट रंगाचा मोठा भाग ठेवा, शेजारामुळे तो उजळतो.

हातातल्या सामानाबद्दल बोलतोय तर फैजपूर आठवल्याशिवाय राहत नाही. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या जळगाव जिल्ह्यात, फैजपूरला झालं. गांधीजींनी त्याच्या सजावटीसाठी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं आणि त्यांनी बांबू, गवत अशा तिथे मिळणाऱ्या वस्तूंतूनच ते नगर सजवलं. आपल्या जिल्ह्यात कलेची अशी एक वाट पडलेली आहे. शहरातून महागडे कागद आणण्याआधी ती आठवावी असं मला मनापासून वाटतं.

हातकागद कुठून आणू, असं तुम्ही विचारलंय. एरंडोल आणि यावल या दोन्ही गावांची जाड्याभरड्या देशी कागदासाठी ख्याती होती, अशी नोंद ब्रिटिश काळातल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये आहे. आज मात्र पुण्याच्या हातकागद संस्थेकडून मागवणं सोपं पडतं. कोलाजपुरता कागद घरीही होतो. वर्तमानपत्राची रद्दी नको, ती पिवळी पडते. वहीची, ऑफिसची पांढरी रद्दी भिजवून मिक्सरला लावा, चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीवर लगदा उचला, जुन्या सुती कापडावर उलटा करा, वर कापड टाकून दाबा आणि सावलीत वाळवा. त्यात घरचा कापूस घालायचा मोह होईल, पण लांब धागा मिक्सरच्या पात्याला गुंडाळतो आणि लगद्याच्या गाठी होतात. कात्रीने अगदी बारीक कातरून थोडासाच घाला. केळीच्या खोडाचे तंतू घालायचे असतील तर बोटाच्या पेराएवढे तुकडे करून धुण्याच्या सोड्यात मऊ होईपर्यंत शिजवा आणि भरपूर पाण्यात धुवा. भांडं स्टीलचं घ्या, सोडा अॅल्युमिनियमला खातो. असा कागद लिहायला बिनकामाचा असतो, पण त्यात सोनेरी तुसं दिसतात. स्कॅन करून चौपट मोठा केला की तो कागद एक स्वतंत्र भूभाग होतो.

आता खुणांकडे येतो. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे आणि तुमच्या ‘प्लॅस्टिक’च्या तक्रारीचं खरं औषध इथेच आहे. संगणकातल्या ब्रशला प्रतिकार नसतो. कागद त्याला अडवत नाही, शाई संपत नाही, काडी फाटत नाही. हाताची खूण जिवंत दिसते ती या अडथळ्यांमुळे. म्हणून मी एक नियम पाळतो: रेषा, फटकारा, डाग, शिंतोडा यातलं काहीही संगणकात काढायचं नाही. संगणकात फक्त मांडणी, माप आणि रंग.

खुणा पानभर करा, चित्र म्हणून करू नका. एका पानावर एकच हत्यार आणि एकच हालचाल. कापसाची पराटी (कापसाच्या झाडाची वाळलेली काडी) ठेचून तिचा कुंचला करा. तिचे तंतू उसकलेले असतात, त्यामुळे फटकाऱ्याच्या शेवटी शाई तुटत तुटत जाते. तिचाच कोळसाही करता येतो. भरताची वांगी पराट्यांवर भाजतो तेव्हा उघड्या जाळात काडीची राख होते; त्याऐवजी बोटभर काड्या डब्यात घट्ट भरा, झाकणाला एक बारीक भोक पाडा आणि डबा विस्तवात ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की डबा बाहेर काढून गार होऊ द्या, मगच उघडा. ज्वारीच्या ताटाचा बोरू करा. दोऱ्याला शाई लावून घडी केलेल्या कागदात दाबा आणि ओढून काढा. जुन्या कंगव्याने ओला रंग ओरबाडा. रबरी रोलरवर शाई घेऊन त्याखाली पानं, पोत्याचा तुकडा, सुतळी ठेवा.

केळीला मात्र वेगळा वेळ द्या. तिचा चीक कपड्यावर पडला तर जात नाही, हे केळी पिकवणाऱ्या रावेर-सावद्याच्या बाजूला लहान मुलालाही माहीत असतं. तोच चीक ताजा असताना कुंचल्याने कागदावर लावा. लावताना जवळपास काहीच दिसत नाही, नंतर हवेने तो हळूहळू तपकिरी होत जातो. आपण काढलेलं आपल्यालाच नंतर दिसतं, आणि अमूर्त काम करणाऱ्याच्या हाताला त्याने एक चांगली सवय लागते: प्रत्येक रेषा लगेच दुरुस्त करत बसायची सवय सुटते. खोडाचा आडवा काप घेतला तर सोपटांच्या आतले हवेचे कप्पे जाळीसारखे दिसतात. चीक पुसून काप थोडा सुकू द्या, पातळ शाई रोलरने लावा आणि ठसा घ्या. दाब हलका ठेवा, जोर दिला की जाळी भरून जाते.

दुसरं खास आपलं म्हणजे टाकी लावलेला पाटा. त्यावर पातळ कागद ठेवून मेणाच्या खडूने किंवा पराटीच्या कोळशाने घासा. टाकीवाल्याच्या छिन्नीचे एकेक घाव कागदावर उठतात. जात्याचं पाळूही तसंच. जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ साली लाकडी फरशीवर कागद ठेवून घासून उठवलेल्या पोतांमधून पुढे चित्रांची मालिकाच केली. आपल्या माजघरात पाटा आहे. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, नेटवरून ‘टेक्सचर’ उतरवून घेऊ नका. ते हजारो लोकांच्या पोस्टरवर आहे. तुमच्या आजीचा पाटा कुणाकडे नाही.

फाडण्याबद्दलही थोडं. रंगवलेला किंवा छापील कागद फाडताना कोणता हात स्वतःकडे ओढताय यावर पांढरी कड कोणत्या तुकड्याला राहणार ते ठरतं. ही पांढरी कड अंधाऱ्या रचनेत उजेडाच्या रेघेसारखी वापरता येते, म्हणून ती नशिबावर सोडू नका, दोन्ही तऱ्हांचे तुकडे मुद्दाम करून ठेवा. यंत्राच्या कागदाला धागा असतो. त्या दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा. हातकागदाला अशी दिशा जवळपास नसते. त्यावर ओल्या कुंचल्याने रेघ ओढून दोन्ही बाजूंनी हळू ताणा, तंतू लांब राहून केसाळ कड मिळते. अशा कडा स्कॅनमध्ये फार सुंदर येतात. त्यांना कधीही व्हेक्टर करू नका, म्हणजे गणिती रेषांत बदलू नका. सॉफ्टवेअर त्या केसाळ कडेला गुळगुळीत करून टाकतं, आणि मग आपण एवढं फाडलं कशासाठी?

आता स्कॅनर. बाजारातले पातळ, यूएसबीच्या तारेवरच चालणारे स्कॅनर बहुतेक सीआयएस पद्धतीचे असतात. काचेला टेकलेलं तेवढंच त्यांना स्पष्ट दिसतं, जरा उचललेली कड धूसर होते. जाड, जड असलेले सीसीडी पद्धतीचे स्कॅनर थोडी खोली पकडतात. सपाट खुणांच्या पानांना पहिला पुरतो. उठावाचे तुकडे, चुरगळलेला कागद, पिंजलेला कापूस यासाठी दुसरा हवा. जुना सीसीडी स्कॅनर चालू अवस्थेत मिळाला तर नव्या सीआयएसपेक्षा मी तो घेईन.

मापाचं गणित एकदा नीट समजून घ्या, कारण डिजिटलची खरी ताकद तिथेच आहे. ए-४ पान ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केलं की ४९६० × ७०१६ पिक्सेल मिळतात. ३०० ने छापलं तर ते ए-२ होतं, म्हणजे लांबी-रुंदी दुप्पट. १२०० ला घेतलं तर ए-०, चौपट. पण पूर्ण पान १२०० ला, १६ बिटमध्ये (रंगाच्या जास्त बारीक पायऱ्या साठवून) घेतलं तर एकच फाईल ८०० एमबीच्या वर जाते आणि साधा संगणक गुदमरतो. म्हणून पानं ६०० ला घ्या आणि ज्या छोट्या खुणेवर जीव जडलाय तेवढीच चौकट निवडून २४०० ला घ्या. ५ सेंटीमीटरचा एक फटकारा २४०० ला घेतला तर ३०० च्या छपाईत तो ४० सेंटीमीटर होतो. पराटीने नकळत ओढलेली ती रेघ भिंतीवर हातभर लांब दिसते, शाईने कागदाच्या तंतूत कुठे शिरकाव केला तेही दिसतं. मूळ कोलाजमध्ये हे कुणालाच दिसलं नसतं. मोठं करून काहीतरी नवीन दिसत असेल तरच प्रिंट काढण्यात अर्थ आहे, असं माझं ठाम मत आहे. खोक्यावर लिहिलेल्या ‘इंटरपोलेटेड’ आकड्याकडे बघू नका, ‘ऑप्टिकल’ आकडा बघा. पहिल्यात यंत्र मधले पिक्सेल अंदाजाने भरतं.

स्कॅन करताना आपोआप रंग सुधारणं, धार लावणं, धूळ काढणं हे सगळं बंद ठेवा. तुमच्या निर्जीव प्रिंटमागे हेही कारण असणार. ‘ऑटो’ पर्याय हातकागदाचा मळकटपणा पांढरा करतो आणि शाईच्या पाच छटांच्या दोन करतो. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, कॅलेंडर असे छापील तुकडे असतील तर ठिपक्यांमुळे लाटांसारखी नक्षी उमटते. त्यांच्यासाठी तेवढं ‘डीस्क्रीन’ चालू करा, किंवा जास्त डीपीआयला घेऊन नंतर लहान करा. पातळ कागदामागे काळा कागद ठेवा म्हणजे मागची छपाई दिसणार नाही. फिक्या तुकड्यांना काळी पार्श्वभूमी आणि गडद तुकड्यांना पांढरी ठेवली की कड वेगळी करणं सोपं जातं. पावसाळ्यात हातकागद फुगतो आणि मे महिन्याच्या झळांत वाकडा होतो, म्हणून आदल्या रात्री दोन फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवा.

स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो, त्यामुळे सावल्याही एकाच बाजूला पडतात. उठावाचा तुकडा एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून, असे दोन स्कॅन घ्या. दुसरा संगणकात परत सरळ करून पहिल्यावर जुळवा. वरच्या थराचा मोड ‘लाइटन’ (दोन्हींतलं उजळ तेवढं ठेवणारा) केला तर सावल्या जवळपास जातात, ‘डार्कन’ केला तर दोन्ही बाजूंच्या राहतात. हरवलेली जाडी परत आणायची ही प्रामाणिक रीत आहे. सॉफ्टवेअरमधला ‘ड्रॉप शॅडो’ वापरू नका. तो सगळ्या तुकड्यांना एकसारखी सावली देतो, आणि खरा कागद कुठे चिकटलेला असतो तर कुठे उचललेला.

स्कॅनर नसेल तर किंवा सावली जास्त हवी असेल तर फोन चालतो. सपाट पानासाठी उत्तरेच्या खिडकीचा मऊ उजेड घ्या. पोत हवा असेल तर सकाळचं तिरपं ऊन, गच्चीवर, कागद जमिनीशी सपाट ठेवून. तेव्हा हातकागदाचा प्रत्येक खळगा बोलतो. फोन कागदाला समांतर धरा, जवळ जाण्याऐवजी थोडा लांबून मुख्य लेन्सने काढा, प्रो मोडमध्ये रॉ (फोनने न सुधारलेली कच्ची फाईल) असेल तर तो घ्या, एचडीआर (उजेड-अंधारातला फरक आपोआप कमी करणारा पर्याय) आणि सौंदर्य वाढवणारे सगळे पर्याय बंद करा. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश नेमका टाकून केलेली टेबलटॉप छायाचित्रं बघण्यासारखी आहेत. टेबलभर जागेत अख्खा निसर्ग उभा राहतो. तिरप्या उजेडाने माप कसं बदलतं हे शिकायला अमळनेरहून फार लांब जावं लागत नाही.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. फोटोशॉपचं भाडं परवडत नसेल तर गिम्प किंवा क्रिता फुकट आहेत आणि या कामाला पुरतात. तीन गोष्टी शिका. ‘मल्टिप्लाय’ मोड: यात पांढरं नाहीसं होतं आणि शाई खालच्या कागदावर उमटल्यासारखी बसते. ‘मास्क’: तुकडा न खोडता झाकता येतो. आणि गिम्पमधलं ‘कलर टू अल्फा’, ज्याने पांढऱ्या कागदावरची खूण तिच्या अर्धपारदर्शक कडांसकट सुटी होते. एवढ्यावर वर्षभर काम चालेल.

नियम मात्र कडक ठेवा. तीच खूण एका रचनेत दोनदा वापरू नका. अमूर्त चित्रात डोळा पुनरावृत्ती लगेच पकडतो आणि चित्राची पडद्याच्या कापडासारखी नक्षी होते. तुकडा मोठा-लहान करा, फिरवा, पण एकाच दिशेने ताणू नका, तंतू खोटे दिसतात. रंग बदलायचा असेल तर सगळ्या थरांवर एकदम फिरवू नका, एकेका कागदाचा बदला. आणि फार थर झाले की थांबा. संगणकात ‘अजून एक’ घालायला काहीच लागत नाही, म्हणून तिथे हात आवरणं कागदापेक्षा अवघड आहे. माझ्या चांगल्या प्रिंट थोड्याच तुकड्यांच्या आहेत.

रचना नीट झाली का हे स्क्रीनवर कळत नाही. स्क्रीनवर सगळं एकाच मापाचं आणि मागून उजळलेलं असतं. फाईलचे ए-४ तुकडे करून साध्या प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्यात छापा, भिंतीवर जोडून लावा आणि घरात येता-जाता बघा. उलटं करूनही बघा. रंगाशिवाय तोल सांभाळला जात असेल तर रचना उभी आहे. तुम्ही लिहिलंय की लोक ‘यात काय आहे’ विचारतात, म्हणून तुम्ही केळीची बाग, तापीचा काठ असं ओळखू येईल असं काहीतरी घालता. घालू नका. काळ्या मातीच्या भेगा, केळीच्या ओळींमधला तो गार अंधार तुमच्या कागदांत आणि हालचालींत आधीच आलेला आहे, कारण तुम्ही रोज तो बघता. शीर्षकात हवं तर गावाचं नाव द्या, चित्राला समजावून सांगायला लावू नका.

एक कायद्याची गोष्ट. वर्तमानपत्रातला फोटो किंवा कुणाचं छापील चित्र ओळखू येईल असं वापरून प्रती विकू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षं त्याच्या कामावर हक्क असतो. तुम्हाला पोत हवा असतो, मग अक्षरं-चित्रं वाचता येणार नाहीत इतकी फाडा, किंवा स्वतःचे कागद स्वतः रंगवा. देवांची कॅलेंडरं तर फाडूच नका. आपल्या शेजाऱ्यांची मनं दुखावून मिळालेला पोत कुठल्याच चित्राला नको.

आता छपाई. गावातल्या फ्लेक्सच्या दुकानातून किंवा लग्नपत्रिकेच्या डिजिटल मशीनवरून ही प्रिंट काढू नका. ती यंत्रं त्यांच्या कामाला उत्तम आहेत, पण हातकागदाच्या करड्या छटा त्यांच्यावर चिखल होतात. तुम्हाला हवी पिगमेंट शाईची (न विरघळणाऱ्या, टिकाऊ रंगकणांची) इंकजेट आणि आम्लरहित कॉटन मॅट कागद, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा. हानेम्यूले कंपनीचा ३०८ जीएसएमचा फोटो रॅग हा नेहमीचा पर्याय. पुण्या-मुंबईच्या प्रिंट लॅबमध्ये असे कागद मिळतात. मॅट कागदावर काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल जात नाही, म्हणून काळ्याच्या अगदी जवळच्या छटा फायलीत थोड्या उजळ ठेवा, नाहीतर कोळशाचं घासकाम एकच डाग होईल. लॅबकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाईल) मागा आणि सॉफ्ट प्रूफ करून, म्हणजे छपाई कशी दिसेल ते स्क्रीनवरच, बघा. फाईल टिफमध्ये, थर एक करून, रंगाचं प्रोफाइल जोडून द्या. थरांची मूळ फाईल स्वतःकडे ठेवा. मोठी प्रत दोन-तीन हात अंतरावरून पाहायची असेल तर २०० डीपीआयही चालतं.

घरच्या हातकागदावर थेट छापता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. येतं, पण त्यावर इंकजेटचा लेप नसतो म्हणून शाई आत शोषली जाते आणि रंग मवाळ, धुरकट येतात. काही रचनांना तो धुरकटपणाच शोभतो. कागद आधी मऊ ब्रशने झटका, सुटे तंतू प्रिंटरच्या हेडमध्ये अडकतात. मागून सरळ आत जाणारा मार्ग असेल तरच जाड कागद घाला. घरच्या टँक प्रिंटरमध्ये रंगीत शाई बहुतेक डाय (विरघळलेला रंग) असते, ती उन्हात लवकर उडते. अशा प्रती सरावापुरत्या धरा, विकू नका.

आणि हो, डिंकाची पाळी शेवटी येते म्हणालो होतो, ती इथे. छापलेल्या प्रतीवर खरा कागदाचा एखादा तुकडा हाताने चिकटवता येतो. सपाट छपाईवर खरी जाडी आणि खरी सावली आली की दोन्ही एकमेकांना उठाव देतात. मैद्याची पातळ खळ घ्या, शिजवताना चिमूटभर मोरचूद घातलं तर कसर लागत नाही. मात्र ते विषारी आहे, ते भांडं स्वयंपाकाला परत नको आणि मुलांच्या हाती ही खळ देऊ नका. फेविकॉल कडेबाहेर आला तर चकाकतो, म्हणून मी टाळतो. असं केलं की प्रत्येक प्रत थोडी वेगळी होते, तेव्हा ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा आणि पाठीमागे लिहा.

प्रती किती काढायच्या ते छापण्याआधी ठरवा आणि बदलू नका. २० ठरल्या तर खाली पेन्सिलने १/२०, २/२० असं लिहून सही करा. कुठली प्रत कुणाकडे गेली याची वही ठेवा. पूर्ण आकाराची पहिली प्रत मागवण्याआधी त्याच कागदावर, त्याच यंत्रावर हातभर पट्टी छापून घ्या. रचनेतला सगळ्यात गडद भाग, सगळ्यात फिका भाग आणि तुमची आवडती फाटकी कड तिच्यात यायला हवी. पट्टी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तपासू नका, घरी आणून दिवसा खिडकीजवळ मूळ कागदांशेजारी ठेवा. काळा भरला असेल तर फाईल उजळा, गुलाबी मेलेला असेल तर त्याच्या शेजारचा राखी वाढवा, आणि दुसरी पट्टी मागवा.